मुंग्यांचे तयार निरीक्षण-घरटे: वापरानंतरचा अभिप्राय

वर पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचे झाकण, खाली ओलावा धरणारा प्लास्टरचा तळ आणि अरुंद बोगद्याने जोडलेले दोन कप्पे अशी या घरट्याची रचना आहे. केवळ मुंग्या पाळायच्या असतील तर तक्रारीला फारशी जागा नाही. कामकरी मुंग्यांमधील वर्चस्वाची उतरंड जाळ्याच्या रूपात मांडायची असेल, तर मात्र त्याचा कस वेगळ्या ठिकाणी लागतो.

मी त्यात डायकॅमा प्रजातीच्या मुंग्या ठेवल्या. (खोक्यावर ऐटदार राणी छापली आहे, डायकॅमामध्ये वेगळी राणी नसतेच, मीलन झालेली एक कामकरीच तिची जागा घेते.) इतर कामकरी मुंग्याही अफलित अंडी घालू शकतात, त्यांतून नर निपजतात, आणि या हक्कावरून त्यांच्यात चावाचावी चालते. प्रत्येक मुंगीच्या पाठीवर रंगाचे ठिपके देऊन कोणी कोणावर हल्ला केला हे बाणाने दाखवत गेले, की जाळे तयार होते. 2014 साली हिरोयुकी शिमोजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी जाळी तपासली तेव्हा ती पूर्णपणे किंवा जवळजवळ चक्ररहित निघाली, म्हणजे खालच्या मुंगीने वळसा घालून वरच्या मुंगीवर उलटण्याचा प्रकार जवळपास नव्हताच. शिवाय ती विरळ होती आणि सर्वाधिक मुंग्यांवर हल्ले करणाऱ्या मुंग्या शिखरावर नव्हे, तर त्याच्या किंचित खाली आढळल्या.

जाळे मुळातच विरळ असल्यामुळे न झालेला हल्ला आणि न दिसलेला हल्ला यांत नोंदवहीत काहीच फरक उरत नाही, आणि या घरट्याचा बोगदा नेमका अपारदर्शक पट्टीखाली येतो. दोन मुंग्या आत शिरतात, एक दबून बाहेर पडते, आणि बाण कोणत्या दिशेने काढावा हे कळत नाही. झाकणही गरजेपेक्षा उंच आहे, त्यामुळे मुंग्या त्याला उलट्या चिकटून चालतात आणि पाठीवरचे ठिपके दिसेनासे होतात. सोबतचा लाल पडदा मात्र उत्तम आहे. मुंग्यांना लाल प्रकाश फारसा जाणवत नसल्याने चित्रीकरण निर्वेध होते.

शेवटी मी बोगदा प्लास्टरने बुजवून एकाच कप्प्यात नोंदी घेतल्या. चित्रीकरणासाठी घेणाऱ्यांनी एक-कप्पी, बुटक्या झाकणाचा नमुना मिळतो का, हे आधी विचारावे.