उसाच्या सरीत टिलर की विडर?

दोन-अडीच एकरवाल्याला बैलजोडी वर्षभर पोसणं झेपत नाही, आणि भाड्याच्या ट्रॅक्टरची वाट बघेपर्यंत वाफसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, निघून जातो. म्हणून आमच्या वाळवा तालुक्यात आता जो-तो विचारतो, पॉवर टिलर घेऊ की पॉवर विडर? दोन्ही मागून चालत हातानं धरायची इंजिनची यंत्रं. टिलर मोठा, मशागतीचा. विडर लहान, मुख्यतः तण काढायचा. बहुतेकांची सुरुवात एचपीपासून होते. माझं म्हणणं, आधी टेप घेऊन सरी मोजा.

टिलरचं डिझेल इंजिन १२-१३ एचपीचं, रोटरसकट (माती फोडणाऱ्या फिरत्या पात्यांसकट) वजन ४०० किलोच्या आसपास. रोटर दोन फुटांचा असला तरी चाकं धरून यंत्राला अडीच-तीन फूट वाट लागते. साडेचार-पाच फुटी सरीत तो सुखानं चालतो, मागं रिजर (सरी पाडायचं अवजार) लावला की भरही, म्हणजे बुडाला मातीही, चांगली लागते. पण उसाची पानं एकमेकांत गुंतायच्या आत. तीन फुटी जुनी लागण असेल तर टिलरचा नाद सोडा, तिथं विडरच.

विडर ५ ते ७ एचपीचा, वजन शंभर किलोच्या आतबाहेर. बऱ्याच विडरना कामाच्या वेळी चाकं नसतात, फिरणारी पातीच यंत्राला पुढं ओढतात. मागचा दांडा जमिनीत रोवला की यंत्र अडतं आणि खोल खणतं, वर घेतला की पळतं. कडेची पाती काढून रुंदी कमी करता येते, ही त्याची मोठी सोय. मात्र वाळून टणक झालेल्या काळ्या रानात विडर उड्या मारतो आणि दिवसाअखेर खांदे भरून येतात. पहिली नांगरट त्याच्याकडून होईल, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. ते काम टिलरलाही जडच जातं. नांगरट ट्रॅक्टरनंच करून घ्यावी.

हरळी आणि लव्हाळ्याच्या रानात दोन्ही यंत्रं सारखीच घातक. पाती हरळीचे तुकडे करून रानभर पसरवतात आणि प्रत्येक तुकडा फुटतो. आधी काशा (हरळीच्या जमिनीतल्या मुळ्या-खोडं) वेचून काढा, मगच रोटर घाला.

कोरेगाव भागात आल्याच्या गादीवाफ्यावर लागण झाली की टिलरचं काम संपतं, तण हातानंच काढावं लागतं. वाफे पाडण्याआधी माती भुसभुशीत करायला मात्र टिलरसारखं दुसरं काही नाही. पाटणच्या भातखाचरातही टिलरच. लोखंडी चाकं चढवली की चिखलणी झकास होते.

पण चढउताराच्या रानात एक गोष्ट जिवावर बेतू शकते. टिलरच्या दोन्ही मुठींशी त्या-त्या बाजूच्या चाकाचा क्लच असतो. सपाटीला डावी मूठ दाबली की डाव्या चाकाची ओढ सुटते आणि टिलर डावीकडे वळतो. उतारावर गिअरमध्ये इंजिन यंत्राला मागं धरत असतं. तिथं डावी मूठ दाबली की डावं चाक मोकळं सुटतं, जोरात फिरतं आणि टिलर उजवीकडे वळतो. पाटणला मेव्हण्याच्या खाचरात उतरताना मी सवयीनं डावी मूठ दाबली आणि यंत्र उजवीकडच्या बांधावरून जाता जाता राहिलं. तेव्हापासून उतारावर मी मुठींना हात लावत नाही, वेग कमी करून दांडीला रेटा देऊनच वळवतो. रिव्हर्स घेतानाही रोटर बंद हवा. पाय पात्यांच्या अगदी जवळ असतात.

ट्रॉली जोडून खत, वैरण वाहायची असेल तर पारडं टिलरकडे झुकतं. नुसती भांगलण आणि हलकी भर एवढंच काम असेल तर विडरवर भागतं, पैसेही बरेच वाचतात. माझ्या साडेचार फुटी उसाला मी टिलर घेतला. भावाची हळद आहे सव्वादोन-अडीच फुटी सरी-वरंब्यावर, त्याला मी विडरच घ्यायला लावला.

दुकानात यंत्र सुरू करून दाखवतात, त्यावर जाऊ नका. स्वतःच्या रानात वाफशावर दोन सऱ्या चालवून बघा, आणि पाती, बेल्ट, क्लचची तार तालुक्याच्या गावी मिळते का ते विचारा. ऐन भरणीत तार तुटली आणि माझा टिलर आठ दिवस गोठ्यात उभा राहिला होता. अनुदान घेणार असाल तर महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज करून पूर्वसंमती हातात आल्यावरच खरेदी करा. आधीच बिल केलं तर ते धरलं जात नाही.