पांदणीसाठी जुनी फोर बाय फोर: कॅम्पर, थार, जिप्सी की जुनी जीप?

आमच्या आखाड्यापासून, म्हणजे शेतातल्या घरापासून, डांबरी रस्ता पावणेदोन किलोमीटर. फेब्रुवारीत ही पांदण सहा-सात मिनिटांची. मृगाचे दोन पाऊस झाले की ट्रॅक्टरशिवाय ती कुणाला वाट देत नाही. गोदाकाठची काळी, भारी जमीन. उन्हाळ्यात मनगट जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पाणी प्याली की फुगून वर येते. चाक चार फेरे फिरलं की टायरची नक्षी मातीनं बुजते, मग टायर नवा असो की झिजलेला, फरक राहत नाही.

परभणी-हिंगोलीकडच्या बऱ्याच जणांनी मला एकच गोष्ट विचारली आहे: कामाला आणि ट्रॉली ओढायला जुनी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ओढ असलेली गाडी, घ्यायची आहे, नवी परवडत नाही, कोणती बघू? महिंद्राची जुनी जीप, एमएम ५४०, आम्ही सहा वर्षं वापरली, सध्या बोलेरो कॅम्पर आहे. साडूभाऊंची जिप्सी आणि जिंतूरकडच्या मित्राची थार हंगामात आमच्याकडं येत असते, त्याही भरपूर चालवल्या. त्यावरून सांगतो.

गाडीच्या आधी ओझं ठरवा. पाण्याचा एक लिटर म्हणजे एक किलो, हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण टाकी भरताना कुणी मोजत नाही. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात आम्हीही जनावरांसाठी जीपमागं हजार लिटरची टाकी लावली होती. एक टन पाणी, वर ट्रॉलीचं लोखंड तीनशे किलोच्या पुढं. जीपनं ओढलं, काही अडलं नाही. थांबवताना मात्र कळलं. ट्रॉलीला ब्रेक नाही, उताराला ती मागून ढकलते आणि जीपचं तोंड भलतीकडं वळायला लागतं. अर्धी भरलेली टाकी त्याहून वाईट, कारण आतलं पाणी मागंपुढं आदळतं. तेव्हापासून ब्रेक नसलेली ट्रॉली मी मालासकट साडेसातशे किलोच्या वर नेत नाही, आणि नेली तरी सावकाश. पाच हजार लिटरचा टँकर ओढायचा विचार असेल तर ते ट्रॅक्टरचं काम आहे, या यादीतली एकही गाडी त्यासाठी नाही.

ट्रॉली भरताना बैलगाडीचा नियम विसरू नका. माल मागं जास्त झाला की गाडी उलाळ होते, इथंही तेच. उलाळ ट्रॉली वेगात शेपटीसारखी हलते आणि पुढच्या गाडीची मागची चाकं उचलायला बघते. थोडा भार हुकावर हवाच.

फोर बाय फोर कशासाठी, याचाही गोंधळ असतो. ओढायच्या कामात खरा उपयोग लो गिअरचा. लोमध्ये चाकं सावकाश फिरतात, जोर वाढतो, आणि भरलेली ट्रॉली चढावर क्लच न जाळता जागेवरून उचलता येते. उलट कोरड्या डांबरीवर फोर बाय फोर टाकून फिरू नका. या गाड्यांत पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट जोडले जातात, वळणावर पुढच्या चाकांना जास्त अंतर कापायचं असतं, आणि तो फरक सुटायला जागा नसल्यानं सगळा ताण जॉइंट आणि गिअरवर येतो. असं वापरून बिघडलेल्या गाड्या बाजारात भरपूर आहेत.

बोलेरो कॅम्पर फोर बाय फोर

कामासाठी माझी पहिली पसंती हिलाच. दोन रांगांची केबिन, मागं उघडा हौदा, सुमारे टनभर मालाची तयारी, २५२३ सीसीचं डिझेल इंजिन. परभणी, जिंतूर, सेलू, कुठल्याही मिस्त्रीला हे इंजिन डोळे झाकून खोलता येतं आणि सुटा भाग त्याच दिवशी मिळतो. पेरणीच्या आठवड्यात गाडी चार दिवस गॅरेजला उभी राहिली तर नुकसान किती, हे शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको.

दुसरं कारण चिखलातलं आहे. हौद्यातलं ओझं मागच्या चाकांवर दाब देतं, त्यामुळं चाक पकड घेतं. तेच ओझं ट्रॉलीत असलं की नुसतं मागं ओढतं. म्हणून सात-आठ क्विंटलपर्यंतच्या मालाला कॅम्परमागं ट्रॉली लावायची गरजच पडत नाही, आणि तोच तिचा मोठा फायदा. रिकामी कॅम्पर मात्र मागून हलकी होते. ओल्या पांदणीत रिकामी जायची वेळ आली तर मी हौद्यात वाळूच्या सहा-सात गोण्या टाकतो.

उणं काय? लांबी. बांधाच्या कोपऱ्यावर एका दमात वळत नाही. ट्रॅक्टरनं पाडलेल्या खोल चाकोरीत मागचं हौसिंग, म्हणजे ॲक्सलचं लोखंडी कवच, मधल्या उंचवट्यावर बसतं, मग चारही चाकं फिरली तरी गाडी हलत नाही. तिथं एक चाक चाकोरीत आणि एक मधल्या वरंब्यावर ठेवून चालवायचं, ही सवय करून घ्यावी लागते.

कॅम्परची नोंद बहुतेक वेळा मालवाहू म्हणून असते. म्हणजे पहिली ८ वर्षं दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी पासिंग, आणि विमाही व्यावसायिक. एकूण वजन ३००० किलोपर्यंत असेल तर परमिट लागत नाही. आरसीवर वजन लिहिलेलं असतं, ते वाचून घ्या. हौद्यात मजूर बसवून न्यायला परवानगी नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. निंदणीच्या बायका हौद्यात बसवायची आपल्याकडं सर्रास पद्धत आहे. मी ती बंद केली.

मी पाहिलेल्या पाच कॅम्परांपैकी चार ठेकेदारांच्या साइटवरून आलेल्या होत्या. अशा गाडीच्या मीटरवर विश्वास ठेवू नका. ब्रेकच्या पायडलचं रबर, हौद्याचा तळ आणि पाट्यांच्या (स्प्रिंगच्या पट्ट्यांच्या) शॅकल, म्हणजे टांगण्या, पाहा. त्यावरून गाडी किती राबली ते कळतं.

थार

म्हणजे २०२० च्या आधीची. २०१० मध्ये आलेली सीआरडीई, म्हणजे कॉमन रेल डिझेल इंजिनची, थार २४९८ सीसी, १०५ अश्वशक्ती, २४७ न्यूटन मीटर टॉर्कची, आणि तो जोर अगदी खालच्या आरपीएमला मिळतो. नुसतं ओढायचं म्हटलं तर या चौघांत हीच सगळ्यात दमदार. २०१५ च्या बदलानंतर मागच्या ॲक्सलला आपोआप लॉक होणारं डिफरन्शियल आलं. एक चाक हवेत किंवा चिखलात फिरायला लागलं की दुसऱ्यालाही ओढ मिळते. आमच्या मातीत या एका गोष्टीनं फार फरक पडतो. मिळाली तर २०१५ नंतरचीच बघा.

अडचण भावाची. थार हौसेनं घेणारे पुष्कळ, त्यामुळं कामाच्या गाडीला हौसेचा भाव द्यावा लागतो. त्यात बऱ्याच गाड्या उंच केलेल्या, मोठे टायर घातलेल्या असतात. मोठा टायर म्हणजे क्लच, बेअरिंग आणि जॉइंटवर जास्त ताण, आणि ओढायचा जोरही घटतो. मूळ टायर, मूळ पाटे असलेली गाडी शोधा. मागं सामान ठेवायला जागा जेमतेम, म्हणजे ट्रॉली लागणारच. आणि सीआरडीईला डिझेल स्वच्छ लागतं. आपण ट्रॅक्टरसाठी ड्रममध्ये साठवतो ते पाणी-गाळ असलेलं डिझेल तिच्यात ओतलं तर इंजेक्टर जातात, आणि तो खर्च मोठा असतो.

तिचीच डीआय आवृत्ती २५२३ सीसीची, ६३ अश्वशक्तीची. जोर कमी, पण इंजिन साधं, बोलेरोच्या घरातलं. डीआय टू व्हील ड्राइव्हमध्येही विकली गेली, तेव्हा ‘थार आहे’ एवढ्यावर बयाणा देऊ नका.

जिप्सी

१९८५ ते २०१९ इतका काळ बनलेली, आणि बंद झाल्यापासून भाव वाढलेली. चिखलातून जायचं कसब पाहिलं तर मला ही चौघांत सगळ्यात आवडते. वजन टनाच्या आत, सुमारे ९८५ किलो. जिथं कॅम्पर रुतते तिथून साडूभाऊंची जिप्सी वरच्या वर निघून जाते. रुतलीच तर चार माणसं ढकलून काढतात.

पण हलकेपणा ओढायला आडवा येतो. १२९८ सीसीचं पेट्रोल इंजिन, ८० अश्वशक्ती, टॉर्क १०३ न्यूटन मीटर, म्हणजे सीआरडीई थारच्या निम्म्याहून कमी. गाडीपेक्षा ट्रॉली जड झाली की ब्रेक कुणाचा कुणाला लागतो ते कळत नाही. दुधाचे कॅन, फवारणीचा पंप, ठिबकच्या नळ्या, शेतावर रोजची ये-जा, एवढं काम असेल तर जिप्सी जरूर घ्या. लो गिअरला राबवली की पेट्रोल खूप पिते, हे हिशेबात धरा. लष्कराच्या लिलावातली असेल तर नागरी नोंदणी झालेली आहे का ते आधी पाहा. नसेल तर ती झाल्याशिवाय पैसे देऊ नका.

एमएम ५४० आणि तिच्या बहिणी

सगळ्यात स्वस्त ही. प्युजोच्या बनावटीचं २११२ सीसीचं साधं डिझेल इंजिन, पुढं-मागं पाटे, जाड पत्रा. बिघाड समजतो आणि दुरुस्तही होतो. आखूड असल्यानं आखाड्याच्या अंगणात वळते. पण आज मिळणाऱ्या या जीपा जुन्या झाल्यात, मूळ स्थितीतली क्वचितच दिसते. कुणी इंजिन बदललेलं, कुणी गिअरबॉक्स.

आम्ही भावाभावांनी २०१४ च्या उन्हाळ्यात घेतली. विकणाऱ्यानं फोर बाय फोरचा दुसरा दांडा पुढंमागं करून दाखवला, खट् आवाज झाला, आम्ही होकार दिला. जूनमध्ये डीएपी खताच्या १२ बॅगा, म्हणजे ६०० किलो, ट्रॉलीत टाकून पांदणीला लागलो. ओढ्याच्या चढावर मागची चाकं जागेवर फिरायला लागली. दांडा टाकला, तरी पुढची चाकं हलेनात. भाऊ खाली उतरून वाकला आणि म्हणाला, “दादा, शाफ्ट फिरायलाय, चाक नाही फिरत.” हौसिंगच्या आतले दोन्ही ॲक्सल काढून टाकलेले होते. डिझेल वाचवायला आणि दुरुस्ती टाळायला जुन्या जीपांत हे सर्रास करतात. बाराही बॅगा आम्ही चिखलातून डोक्यावर वाहिल्या, आणि ॲक्सल बसवून घेण्यात पेरणीचा हंगाम निघून गेला.

म्हणून ही जीप स्वस्त दिसली तरी किमतीत दुरुस्तीचे पैसे धरूनच हिशेब मांडा. तुमचा स्वतःचा हात गाडीवर बसलेला असेल, गावात जुना मिस्त्री असेल, तरच हिच्या वाटेला जा.

बाकीच्यांत फोर्सची गुरखा फार कमी वेळा विकायला येते, पण आली तर सोडू नका: पुढच्या-मागच्या दोन्ही ॲक्सलला हातानं लावायचे लॉक आहेत, आणि २.६ लिटरचं इंजिन ट्रॅक्सच्या घराण्यातलं असल्यानं आपल्या मिस्त्रींना ओळखीचं. टाटा झेनॉन आणि इसुझू व्ही-क्रॉस ओढायला ताकदवान, पण झेनॉनचे सुटे भाग शोधावे लागतात आणि व्ही-क्रॉस स्वस्तात बसत नाही.

पाहायला जाल तेव्हा

पुढच्या आणि मागच्या हौसिंगचा भरायचा बोल्ट सैल करून घ्या, बोट घालून तेल काढा. तपकिरी-काळं असेल तर ठीक. दुधाच्या चहासारखं फिकट असेल तर आत पाणी शिरलं आहे. ओढ्यातून, चिखलातून गाडी नेली आणि नंतर कुणी तेल बदललं नाही. आतल्या गिअरची जोडी, क्राऊन-पिनियन, आज आवाज करत नसली तरी पुढं करणार. आपल्याकडच्या कोरड्या हवेत चेसिस सहसा गंजत नाही, पण गाडी कोकणातून किंवा मुंबईकडून आली असेल तर खाली झोपून पाट्यांच्या बैठकीजवळ हातोडीनं टकटक करून पाहा. टायरवर चार आकड्यांचा शिक्का असतो, २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. नक्षी भरपूर आणि टायर आठ-दहा वर्षांचा, अशा टायरला चिखलात पकड नसते.

कागदांचं थोडक्यात. चेसिस नंबर स्वतः घासून वाचा, इंजिन नंबर आरसीशी ताडून पाहा. बदललेल्या इंजिनाची नोंद नसेल तर पासिंगला गाडी अडते. बँकेचा बोजा असेल तर एनओसी आणि फॉर्म ३५, हस्तांतरणाला फॉर्म २९ आणि ३०. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढं पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण आणि हरित कर. दिल्लीकडं १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदीचे आदेश झाल्यापासून तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडं येतात; तिकडची एनओसी आणि महाराष्ट्राचा कर धरल्यावर ती स्वस्ताई किती उरते ते मांडून बघा. आणि ट्रॉलीही कायद्यानं मोटार वाहनच आहे, तिलाही नोंदणी लागते.

माल वाहणं हे मुख्य काम असेल तर कॅम्पर घ्या. रोज ट्रॉली लागत असेल आणि पैसे थोडे जास्त असतील तर २०१५ नंतरची, छेडछाड न केलेली थार. घर ते शेत एवढंच असेल तर जिप्सी.

कॅम्पर घेताना मी विकणाऱ्याला एकच अट घातली होती: पाऊस झाल्यावर तुमच्याच नांगरटीत घालून दाखवा. त्यांनी आढेवेढे न घेता गाडी ढेकळांत उतरवली, लोमध्ये टाकली आणि मला खाली उभं केलं. पुढची दोन्ही चाकं माती मागं फेकत होती. बयाणा मी तिथंच बांधावर दिला.