सात महिने इंग्रजी संभाषणाचं पुस्तक वापरल्यावर

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात मी दिवाणजी आहे. पुस्तक घेतलं ते फोनसाठी. दुबईची पार्टी इंग्रजीत बोलते आणि मी नुसत्या ‘येस सर’वर गाडी ढकलत होतो. बाइंडिंग तिसऱ्याच महिन्यात सुटलं. छपाई चांगली, मराठी अर्थ शेजारीच.

सुटे शब्द पाठ करायला लावत नाही, हे मला सगळ्यात आवडलं. मेथीची जुडी द्यावी तसे चार-चार शब्द बांधूनच देतं: ‘कॅन यू टेल मी’, ‘वुड यू माइंड’, ‘आय विल गेट बॅक टू यू’. आयत्या वेळी व्याकरण जुळवत बसावं लागत नाही. शेवटची जुडी तर मी इतकी वापरली की शेठ म्हणाले, “दिवाणजी, परत फोन करतो म्हणताय, करताय का कधी?”

पण यातली माणसं अडखळतच नाहीत. हॉटेलात, स्टेशनवर, दवाखान्यात, जो तो ‘वुड यू लाइक टू’ म्हणत मान लववतो. ‘आय डोन्ट नो’ अख्ख्या पुस्तकात एकदाच, तेही मास्तरांसमोर. आणि ‘यू नो’ कुठंच नाही. याचा फटका बसला. पार्टी म्हणाली, “द कलर, यू नो...” मला वाटलं विचारतायत. म्हटलं, “नो सर.” पलीकडं सामसूम. राजापुरी हळदीचा रंग मीच नाकारला असा त्यांचा समज झाला. शेवटी शेठनी हिंदीत निस्तरलं.

इंग्रजी घेऊन शिकणाऱ्या भाच्याला सांगितलं तर तो हसायलाच लागला. ब्रिटन-आयर्लंडमधल्या खऱ्या गप्पांचा ‘कॅनकोड’ नावाचा ५० लाख शब्दांचा संग्रह आहे म्हणे. त्यात दोन शब्दांच्या जुड्यांत ‘यू नो’ पहिली, तीन शब्दांच्यात ‘आय डोन्ट नो’ आणि पाच शब्दांच्यात ‘यू नो व्हॉट आय मीन’. म्हणजे साहेबसुद्धा आपल्यासारखाच ‘म्हणजे बघा’, ‘काय म्हणतोय मी’ करत बोलतो. ‘बरं का’, ‘बघा की’ गाळून कुणी मराठी शिकवली, तर त्या माणसाला आमच्या यार्डात चहा तरी मागता येईल का?

नवशिक्यानं जरूर घ्यावं, फोनचा पाठ तर दोनदा वाचावा. मी समासात कानावर पडलेल्या जुड्या लिहीत चाललोय. कालची: ‘ऑर समथिंग लाइक दॅट’. शेजारी अर्थ लिहिलाय, ‘असलं कायतरी’.