पाडसाच्या आवाजाची शिट्टी: काम चोख, पण बोलावते नको तिलाच

युरोपात रो हरणाच्या (तिथलं एक लहानखुरं हरीण) शिकारीसाठी ज्या शिट्ट्या मिळतात त्यांचे ढोबळमानाने दोन प्रकार. एक मुठीत मावणारा रबरी गोळा. तो दाबला की आतल्या नळीतली धातूची पातळ पत्ती थरथरते आणि ‘पीऽ’ असा बारीक, किंचित नाकातला आवाज निघतो. दुसरी तोंडाने फुंकायची लाकडी पिपाणी. तिची पत्ती मागेपुढे सरकवून सूर लावता येतो. दोन्ही विकल्या जातात त्या बहुधा ‘तीन आवाज’ म्हणून: पाडसाची हाक, मादीची हाक, आणि नर मागे लागल्यावर मादी काढते ती किंकाळी.

वस्तू म्हणून निकाल आधीच सांगतो. गोळा उत्तम, पिपाणी त्याहून उत्तम पण सराव मागणारी. अडचण पहिल्या आवाजाची आहे. मादीची हाक आणि किंकाळी ऐकून नर येतो. पाडसाची हाक ऐकून आई येते. वर्षभराची, अजून न व्यालेली मादी कधीमधी कुतूहलाने डोकावते, नाही असं नाही. पण कान टवकारून, दुडक्या चालीने सरळ तुमच्या दिशेने जी येते ती बहुतेक लेकुरवाळीच असते. म्हणजे ही शिट्टी रानातल्या सगळ्या माद्यांमधून जिच्यावर बार टाकायचा नाही तिलाच निवडून समोर आणून उभी करते. हे ज्याला कळलं त्याने ती जरूर घ्यावी. मादी पाडायचं सोपं साधन म्हणून घेणार असाल तर घेऊ नका.

आधी गोळ्याबद्दल. धरायचा तो अंगठा आणि पहिल्या दोन बोटांत, तोंडाची बाजू तळहाताकडे. पाडसाच्या हाकेसाठी दाब अगदी हलका आणि तुटक हवा. लिंबाचा थेंब काढताना देतो तेवढा. दाब वाढला की सूर फाटतो आणि किंकाळी होते. नवशिक्याचं इथेच बिघडतं. तीन-चार सेकंदांच्या अंतराने चार-पाच हाका, मग निदान पाच मिनिटं गप्प. पहिली फेरी तळहाताने गोळ्याचं तोंड झाकून, कारण मादी तीस पावलांवर गवतात बसलेली असू शकते, आणि तेवढ्या जवळून मोठा आवाज आला की ती येण्याऐवजी भुंकत निघून जाते. (रो हरीण धोका दिसला की कुत्र्यासारखं भुंकतं. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही.) एका जागेवरून तीन फेऱ्या पुरे. चौथीला कुणी आलंच तर तो कोल्हा असण्याची शक्यता जास्त, कारण पाडसाचा केविलवाणा आवाज त्यालाही जेवणाचं आमंत्रण वाटतो.

गोळ्याचा मोठा गुण म्हणजे हालचाल जवळजवळ दिसत नाही आणि दुसरा हात मोकळा राहतो. दोष तीन. थंडीत रबर ताठरतं आणि सूर खाली उतरतो, मग पाडसाचा आवाज आईसारखा ऐकू येतो. खिशातला कचरा नळीत गेला की पत्ती चिकटते आणि गोळा नुसता फुसफुसतो. काही उन्हाळे गेले की नळी बसवलेल्या गळ्यापाशी बारीक चिरा पडतात, हवा तिथून निसटते आणि हाक अर्धवट निघते. चिरा पाहायच्या तर गळा ताणून उजेडात धरा. पत्ती कोमट पाण्याने धुऊन उलटी टांगून वाळवा. नखाने उचकटायला गेलात तर ती वाकते, आणि वाकलेली पत्ती पुन्हा सुरात येत नाही.

पिपाणीत ही कटकट कमी. पत्तीचा मोकळा भाग आखूड केला की सूर चढतो, लांब केला की उतरतो. पाडसासाठी बराच चढा, मादीसाठी त्याखाली. एकदा सूर सापडला की पत्तीवर पेन्सिलीने खूण करून ठेवा, नाहीतर दर वेळी पहिल्यापासून शोधाशोध. थुंकीने पत्ती ओली होऊन आवाज घोगरा होतो. म्हणून फुंकायचं ते काच पुसताना सोडतो तशा उबदार श्वासाने नाही, ओठांच्या टोकावरून कोरड्या, बारीक हवेने.

आता मुख्य मुद्द्याकडे. रो हरणाचा माज जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत चालतो. पाडसं मे-जूनमधली, बहुधा जुळी. म्हणजे माज सुरू होतो तेव्हा ती जेमतेम दोन महिन्यांची असतात. या दिवसांत नर मादीच्या मागे धावतो आणि मादी पाडसांना गवतात किंवा पिकात बसवून जाते. जाणते शिकारी पाडसाचा आवाज वापरतात तो इथे. माजावरच्या मादीला चिकटलेला नर मादीच्या हाकेला ढुंकत नाही. त्याला तीच समोर मिळालेली असते. पण पाडसाची हाक ऐकून मादी वळली की तो तिच्या मागोमाग उघड्यावर येतो. सावज तो. मादी फक्त वाटाडी.

युक्ती जुनी आहे आणि बिनचूक चालते. पण याच काळात ‘एकटी मादी’ हा दृष्टिभ्रम सर्वांत जास्त होतो. तिच्यासोबत पाडस दिसत नाही याचा अर्थ पाडस नाही असा नव्हे. ती कुठेतरी बसवून आलेली आहे, आणि तुमच्या हाकेला आली यातच तिने तसं सांगून टाकलंय.

जवळ आलेली मादी कशी वागते ते एकदा नीट पाहण्यासारखं आहे. गवतातून आधी कान दिसतात, मग ताणलेली मान. वीस पावलांवर ती थबकते, पुढचा एक पाय उचलून जमिनीवर आपटते, मान वरखाली करून तुमचा आकार जोखते. मग वाऱ्याच्या अंगाला वळसा घालते, वासाने खात्री करायला. वळसा घालताना तिची मागची बाजू तुमच्याकडे येते तो क्षण दुर्बिणीचा. मागच्या दोन पायांच्या मधे कास दिसते का बघा. उन्हाळ्यात दुभती कास उघडी, गुलाबीसर, भरलेली असते. बाजूने पाहिलं तर मागच्या मांडीच्या पुढे फुगवटा दिसतो. जूनच्या सुरुवातीला आणखी एक खूण मिळते. वर्षभराच्या माद्या हिवाळी केस टाकून तांबूस झालेल्या असतात, पाजणारी मात्र अजून करड्या पुंजक्यांची, विटकी दिसते. दूध काढण्यात अंगातलं सगळं खर्ची पडतं, कात टाकायला तिला उशीर होतो.

इथे एक सावधगिरी. कास दिसली तर निर्णय पक्का: बंदूक खाली. कास दिसली नाही तर काहीच पक्कं नसतं. नुकतंच पाजून आलेल्या मादीची कास रिकामी, लहान दिसते. हिवाळी केस आले की ती झाकून जाते आणि डिसेंबर-जानेवारीपर्यंत आटतेही. शेपटीखालचा केसांचा झुबका हिवाळ्यात दिसतो तो मादी आहे एवढंच सांगतो, आई आहे की नाही ते सांगत नाही.

कायद्याचं थोडक्यात. जर्मनीच्या केंद्रीय शिकार कायद्यातलं कलम 22 सांगतं की पिल्लं स्वतंत्र होईपर्यंत त्यांना वाढवायला लागणाऱ्या आईबापांची शिकार करता येणार नाही. हा साधा नियमभंग नाही, फौजदारी गुन्हा आहे. जाणूनबुजून केला तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दंड. मादीचा हंगाम उघडा असला तरी हे कलम लागू राहतं, आणि सप्टेंबरात लोक नेमके इथेच फसतात. तारीख उघडली म्हणून समोरची मादी मोकळी होत नाही. त्याच कायद्यात ध्वनिमुद्रण वाजवून शिकार करायलाही मनाई आहे. म्हणजे हाताने दाबायचा गोळा चालतो, पण फोनवर पाडसाचा आवाज लावून बसणं चालत नाही. इंग्लंडमध्ये रो मादीचा हंगाम 1 नोव्हेंबर ते 31 मार्च, नराचा 1 एप्रिल ते 31 ऑक्टोबर. तिथे माजाच्या दिवसांत मादीवर बार टाकण्याचा प्रश्नच येत नाही, आणि नोव्हेंबरपर्यंत पाडसं पाच-सहा महिन्यांची झालेली असतात.

मग मादी मारूच नये का? तसं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. लांडगा किंवा लिंक्स (युरोपातलं मोठं रानमांजर) नसलेल्या रानात हरणांची संख्या आवरायची तर माद्याच कमी कराव्या लागतात. नर कितीही पाडले तरी पुढच्या मे महिन्यात पाडसं तेवढीच होतात. प्रश्न क्रमाचा आहे, आणि त्या रानांतला नियम कानाला क्रूर वाटला तरी सरळ आहे: आधी पाडस, मग आई. जुळी असतील तर आधी दोन्ही, त्यातही अशक्त पहिलं. आई आधी पडली तर मागे राहिलेलं पाडस चरायला शिकलेलं असतं, लगेच मरत नाही. पण कुठल्या बांधाला हिवाळ्यात चारा मिळतो, बर्फात कुठे बसायचं, हे आईमागे फिरूनच कळतं. पोरकं पाडस हिवाळ्यात खंगतं. लाल हरणात तर आणखी वाईट. आई गेली की वासराची कळपातली जागा जाते, चाऱ्यावर ते शेवटी राहतं, बाकीच्या माद्या त्याला हुसकतात.

या क्रमात पाडसाच्या शिट्टीला कुठेही जागा नाही, हे लक्षात घ्या. शिट्टी आईला पुढे आणते आणि पाडस मागे झुडपात राहतं. हवं त्याच्या बरोबर उलट. सप्टेंबरनंतर ती घरीच ठेवा. मचाणावर नुसतं बसून राहिलात तर मादी उघड्यावर आल्यावर वीस मिनिटांत पाडसं बहुतेक वेळा मागोमाग येतात. एक दिसलं म्हणून मोजणी संपवू नका, दुसरं पन्नास पावलं मागे असतं. उंच पिकाच्या कडेला तर वीस मिनिटंही पुरत नाहीत.

इंग्लंडमधल्या मुंटजॅकचं, म्हणजे आपल्या भेकराच्या चिनी भाऊबंदाचं, गणित वेगळं आहे. त्याला विणीचा ठरलेला हंगामच नाही. मादी वर्षभर कधीही विते, व्याल्यावर काही दिवसांत पुन्हा माजावर येते आणि सात महिन्यांनी परत विते. म्हणून इंग्लंडमध्ये त्याच्यासाठी बंद हंगाम नाही आणि तारखेचा आडोसाही नाही. तिथल्या जाणत्यांचा सल्ला ऐकायला विचित्र वाटतो: मारायचीच तर एकतर वाढ पूर्ण न झालेली मादी मारा, नाहीतर पोट स्पष्ट दिसणारी, दिवस भरत आलेली. कारण तिचं आधीचं पाडस तोवर स्वतंत्र झालेलं असतं. बारीक पोटाची, प्रौढ मादी सर्वांत धोक्याची. तिचं पाडस झुडपात पडून असण्याचा संभव सर्वांत जास्त. आणि रबरी गोळ्याला मुंटजॅक मादी इतकी बेभान होऊन येते की कधीकधी पायाशी येऊन थांबते. बारीक पोटाची, धापा टाकत आलेली ही मादी कोण आहे ते वेगळं सांगायला नको. मुंटजॅकवर पाडसाचा आवाज वापरून मादी पाडणं याला मी शिकार म्हणणार नाही. नर हवा असेल तर थांबा, तिच्या मागे येतो का बघा, नाहीतर उठून जा.

विक्रेते कधी कधी आणखी एक उपयोग सुचवतात: गवत कापायच्या आधी शिट्टी वाजवून पाडसं उठवायची. हे होत नाही. पहिले दोन-तीन आठवडे पाडस धोक्यात उठून पळत नाही, जमिनीला चिकटून निपचित पडतं. कापणीयंत्राखाली ती सापडतात त्याचं कारणच हे. त्या कामाला पहाटे, जमीन थंड असताना उडवलेला उष्णता टिपणारा ड्रोन लागतो. सापडलेलं पाडस उचलायचं ते हातमोजे घालून, मुठीत गवत धरून.

मादी चुकून आलीच तर पुढे काय, हे शिट्टीसोबतच्या पत्रकात सहसा नसतं. गोळा लगेच खिशात. हलायचं नाही, तिला वाऱ्यावर खात्री करून घेऊ द्यायची आणि ती शांतपणे परत वळली की पंधरा मिनिटांनी उतरायचं. तिला उधळून लावलंत तर ती दुसऱ्या बाजूला निघून जाते आणि पाडसं ताटकळत पडून राहतात. एकाच मादीला त्या दिवशी पुन्हा हाक देऊ नका. चार-पाच वेळा फसली की ती खऱ्या पाडसाच्या हाकेलाही आधी वळसा घालून येईल.

शेवटचं, गोळा घेणाऱ्यांसाठी. त्याच्या तोंडात लहानसं बूच बसवा किंवा गोळा कडक डबीत ठेवा. मऊ खिशात ठेवून चाललात तर पावलागणिक तो मांडीशी दबतो आणि तुम्ही शेताच्या कडेने पाडसासारखे रडत जाता.