ख्रिश्चन हायस्कूलमधले दहा महिने : बायबलचा तास, जीपीए आणि तीन शून्यं

मुलीला नववीला कॅलिफोर्नियातल्या एका ख्रिश्चन हायस्कूलमध्ये घातलं, त्याला आता दहा महिने झाले. दोन्ही सेमिस्टरचे निकाल हातात आहेत. प्रवेश घेतला तेव्हा ओळखीतल्या मराठी घरांमधून एकच सूर होता, "अगं, पोरीला बाटवतील." आमच्याही मनात थोडी धाकधूक होतीच. त्यामुळे शाळा बघायला गेलो तेव्हा चॅपलबद्दल (शाळेतल्या सामूहिक प्रार्थनासभेबद्दल) आणि बायबलच्या तासाबद्दल खोदून खोदून विचारलं, पण गुण कसे देतात याबद्दल अवाक्षरही काढलं नाही. पुढे वर्षभर आम्हाला झोप लागू दिली नाही ती या न विचारलेल्या प्रश्नांनी. अशी शाळा बघत असाल तर हा अनुभव उपयोगी पडावा म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी बायबलचं सांगते, कारण सगळे तेच विचारतात. अशा शाळा ढोबळमानाने दोन प्रकारच्या असतात. काही शाळांत आईवडिलांपैकी निदान एक जण ख्रिश्चन असावा लागतो, चर्चच्या पाळकांचं पत्रही मागतात. बाकीच्या शाळा कुणालाही घेतात. शाळेची श्रद्धा काय आहे ते वाचलं आणि समजलं, एवढ्यावर सही घेतात. आमची दुसऱ्या प्रकारची. आठवड्यातून एकदा चॅपल असतं. तिथे हजर राहावं लागतं, पण प्रार्थना म्हणायची सक्ती नाही. बायबल हा विषय मात्र चारही वर्षं आहे, इतर विषयांइतकेच म्हणजे सेमिस्टरला ५ क्रेडिट, आणि त्याची ग्रेड शाळेच्या जीपीएत, म्हणजे सगळ्या ग्रेडच्या सरासरीत, धरतात.

मला भीती होती ती इथेच. विश्वास नसेल तर गुण कापतील का? पहिल्या सेमिस्टरला बायबलमधल्या, निर्दोष असून दुःख भोगणाऱ्या इयोबाच्या पुस्तकावर निबंध होता. इयोबाचे मित्र त्याला सांगत राहतात की तू पाप केलं असशील, त्याशिवाय एवढं दुःख वाट्याला येणार नाही. मुलीने त्याची तुलना कर्मसिद्धांताशी केली आणि मित्रांची बाजू वाटते तितकी चुकीची नाही असं लिहिलं. वाचून माझ्या पोटात गोळा आला. तिला मिळाला बी प्लस. गुण कापले होते, पण मताचे नाहीत. दोन ठिकाणी वचनाचा अध्याय आणि क्रमांक दिला नव्हता, आणि शेवटच्या अध्यायांत देव त्या मित्रांनाच दोष देतो, याला तिने उत्तर दिलं नव्हतं. शिक्षकांनी समासात लिहिलं होतं की तुलना पुढे ने, अर्धवट सोडू नकोस. त्या दिवशी माझी निम्मी काळजी मिटली. पाठांतराच्या वचनांनाही गुण असतात, पण घरी शुभंकरोती आणि मनाचे श्लोक म्हटलेल्या मुलीला पाठांतर काही जड गेलं नाही.

आता तीन शून्यांची गोष्ट. ऑक्टोबरमध्ये तिला ताप आला आणि चार दिवस शाळा बुडाली. शाळेच्या नियमपुस्तिकेत लिहिलंय की जितके दिवस गैरहजर, तितके दिवस राहिलेलं काम भरून काढायला मिळतात. मुलीला वाटलं आठवडाभर तरी चालेल. भूमितीचे दोन गृहपाठ तिने पाचव्या दिवशी दिले. तिसरा आजारपणाच्या आधी दिलेला होता, तो शाळेत परतल्याच दिवशी द्यायचा होता, हे तिच्या लक्षातच आलं नाही. तिन्हींना शून्य.

शून्य म्हणजे किती नुकसान, ते मला हिशेब मांडल्यावर कळलं. या विषयात चाचण्यांना ६० टक्के वजन, गृहपाठाला २० आणि प्रकल्प-वर्गकामाला २०. तिची सरासरी अनुक्रमे ९१, ९५ आणि ९२ होती, म्हणजे एकूण बरोबर ९२, ए मायनस. दहांपैकी तीन गृहपाठ शून्य झाले की गृहपाठाची सरासरी ९५ वरून ६६.५ वर येते आणि एकूण ८६.३. सरळ बी. भूमिती तिला तेवढीच येत होती, चाचण्यांचा एक गुणही हलला नव्हता. शंभरपैकी ६० च्या खाली सगळंच एफ असतं, त्यामुळे शून्य हा साध्या नापासापेक्षा कितीतरी खोल खड्डा आहे. माझं स्पष्ट मत आहे की न दिलेल्या कामाची शिक्षा वेगळी असावी. ग्रेडने विषय किती समजला एवढंच सांगावं.

त्याहून खटकली ती विसंगती. इंग्रजीच्या बाई उशिरा दिलेल्या कामाचे दिवसाला १० टक्के कापतात, इतिहासाचे सर सेमिस्टरमध्ये एकदा माफ करतात, आणि भूमितीत थेट शून्य. नियमपुस्तिकेत याबद्दल एकच ओळ आहे, 'शिक्षकाच्या अभ्यासक्रमपत्रिकेप्रमाणे'. म्हणजे नववीच्या मुलीने सात विषयांचे सात कायदे लक्षात ठेवायचे. दर चॅपलला कृपा आणि क्षमा यांवर बोलणाऱ्या शाळेने निदान आजारी मुलांसाठी तरी एकच नियम करावा, असं मी मुख्याध्यापकांना लिहून कळवलं आहे.

तक्रारीचा रस्ताही इथे वेगळा आहे. मी भूमितीच्या सरांना लांबलचक ईमेल लिहिली, तर समुपदेशक बाईंनी नम्रपणे सांगितलं की आधी मुलीला बोलू द्या. बऱ्याच ख्रिश्चन शाळांच्या पुस्तिकेत मत्तयाच्या शुभवर्तमानातला १८ वा अध्याय तक्रारीचा नियम म्हणून घातलेला असतो. ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्याच्याशी आधी एकांतात बोलायचं, नाही पटलं तर आणखी कुणाला सोबत घ्यायचं, आणि मगच वर जायचं. आपल्याकडे पालक थेट मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये जातात, त्यामुळे मला ते टाळाटाळीचं वाटलं. पण मुलगी सरांकडे गेली. आदल्या रात्री आरशासमोर वाक्यं म्हणून बघितली आणि मधल्या सुट्टीत एकटी जाऊन बोलली. सरांनी उशिराचे दोन गृहपाठ ८० टक्क्यांवर घेतले, तिसरा नाही. एकूण झालं ८९.५. अर्धा किंवा जास्त असेल तर वर धरायचं असा नियम होता म्हणून ए मायनस टिकला. तिच्या वयात मला हे जमलं नसतं.

आता कॉलेजचा मुद्दा. याच्यावर जरा जास्त लिहिते, कारण शाळेने तो स्वतःहून नीट सांगितला नाही. शाळेच्या जीपीएत ए ला ४, ए मायनसला ३.७, बी प्लसला ३.३, ऑनर्सला (वरच्या पातळीच्या विषयाला) अर्धा वाढीव आणि एपीला (कॉलेजच्या पातळीच्या विषयाला) एक. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया मात्र आपला हिशेब स्वतः करते. तिथे प्लस-मायनस धरत नाहीत: ए मायनस म्हणजे ए, बी प्लस म्हणजे बी. जीपीए दहावी-अकरावीचा. नववीचे गुण त्यात येत नाहीत, पण विषय पूर्ण झाला म्हणायला सी तरी लागतोच. वाढीव गुण जास्तीत जास्त आठ सेमिस्टरना, त्यांतले दहावीचे चारच. आणि हे सगळं फक्त 'ए टू जी' यादीत, म्हणजे विद्यापीठाच्या प्रवेशासाठी लागणाऱ्या विषयांच्या यादीत, मंजूर असलेल्या विषयांसाठी. असे वर्षभराचे १५ विषय लागतात, त्यांतले ११ बारावी सुरू होण्याआधी.

ख्रिश्चन शाळेत गाडी अडते ती इथे. वैयक्तिक श्रद्धा वाढवणं हाच ज्याचा हेतू आहे असा बायबलचा विषय त्या यादीत बसत नाही. धर्माचा अभ्यास म्हणून शिकवला तर बसू शकतो. विज्ञान आणि इतिहासाचंही तसंच. २००५ मध्ये असोसिएशन ऑफ ख्रिश्चन स्कूल्स इंटरनॅशनल आणि मरिएटाची एक ख्रिश्चन शाळा यांनी विद्यापीठावर खटला भरला होता, कारण ख्रिश्चन प्रकाशनांच्या पाठ्यपुस्तकांवर आधारलेले काही विषय विद्यापीठाने नामंजूर केले होते. २००८ मध्ये निकाल विद्यापीठाच्या बाजूने लागला आणि २०१० मध्ये अपील न्यायालयाने तो कायम केला. राज्य सरकार खासगी शाळांना मान्यता देत नाही, फक्त दरवर्षी एक प्रतिज्ञापत्र घेतं, त्यामुळे 'सरकारने बघितलं असेल' यावर विसंबू नका. शाळेला वॅस्कची (शाळांना मान्यता देणाऱ्या बिगरसरकारी संस्थेची) मान्यता आहे का ते विचारा आणि विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शाळेचं नाव टाकून मंजूर विषयांची यादी स्वतः वाचा. आमच्या शाळेचं जीवशास्त्र यादीत आहे. वर्गात बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकावर दोन तास चर्चा झाली, उत्क्रांतीही पूर्ण शिकवली. बायबल यादीत नाही. त्यामुळे मुलीचे दोन जीपीए आहेत, शाळेचा आणि विद्यापीठाचा, आणि ते जुळत नाहीत. खासगी कॉलेजं पूर्ण ट्रान्सक्रिप्ट (चार वर्षांचं गुणपत्रक) बघतात, तिथे बायबलची ग्रेडही दिसते.

बाकी थोडक्यात. क्वार्टरच्या, म्हणजे अर्ध्या सेमिस्टरच्या, ग्रेडला घाबरू नका, ट्रान्सक्रिप्टवर सेमिस्टरचीच जाते. चाचणी बिघडली तर क्वार्टरला एकदा पुन्हा देता येते, आधी चुका दुरुस्त करून दाखवाव्या लागतात. ही मला या शाळेतली सगळ्यात चांगली सोय वाटली. खेळात भाग घ्यायचा तर जीपीए २.० च्या खाली जाऊन चालत नाही. समाजसेवेचे तास हायस्कूल पूर्ण करण्यासाठी लागतात, पण त्यांना ग्रेड नाही.

पुन्हा हीच शाळा निवडेन का? हो. वर्ग लहान आहेत, शिक्षक मुलांची नावंच नाही तर त्यांच्या अडचणीही ओळखतात. फक्त या वेळी सही करण्याआधी प्रत्येक विषयाची अभ्यासक्रमपत्रिका मागून घेईन. दहावीचे विषय निवडायची बैठक मागच्या आठवड्यात झाली. मुलीला ऑनर्स केमिस्ट्री घ्यायची आहे. तिने फॉर्म भरायच्या आधी विचारलं, "हा विषय विद्यापीठाच्या यादीत ऑनर्स म्हणून आहे का, आणि उशिरा दिलेल्या गृहपाठाचं काय?" यादीत आहे. गृहपाठाचे दिवसाला १० टक्के कापतात.