शिकागोतले पोलिश पूर्वज: आधी डिरेक्टरी की आधी नकाशा?

सासूबाईंचे आजोबा पोलंडहून शिकागोत आले, एवढंच घरात माहीत होतं. गाव कुणालाच ठाऊक नव्हतं. तुम्हीही असाच शोध घेणार असाल तर माझा कौल आधी जुन्या शहर डिरेक्टरीला, म्हणजे शहरातल्या रहिवाशांच्या छापील यादीला.

कारण १८९० च्या जनगणनेचे बहुतेक कागद १९२१ च्या आगीपायी गेले. १८८० ते १९०० ही मधली वीस वर्षं, म्हणजे पोलिश लोकांचे लोंढे येत होते तोच काळ, डिरेक्टरीवाचून अंधारातच राहतो. ती जवळपास दरवर्षी निघायची. कमावत्या माणसाचं नाव, काम, पत्ता, बस. एखाद्या वर्षी नवऱ्याच्या जागी बायकोचं नाव आणि पुढे ‘विधवा’ दिसलं, की तो साधारण कधी गेला हे कळतं. आमच्याकडे तसंच झालं. ती ओळ वाचून सासूबाई कितीतरी वेळ बोलल्याच नाहीत. मुलं आणि घर सांभाळणाऱ्या बायका मात्र यात नसतात, आणि नावं वाट्टेल तशी लिहिलेली. वोयचेख हे पोलिश नाव ‘अल्बर्ट’ म्हणूनही शोधा.

नकाशात नाव एकही नसतं. पण सॅनबोर्न कंपनीचे आगीच्या विम्यासाठी काढलेले नकाशे बघताना घर डोळ्यांपुढे उभं राहतं. पिवळा रंग लाकडी घराला, गुलाबी विटांच्या, आकडा मजल्यांचा, ‘डी’ म्हणजे राहतं घर, ‘एस’ म्हणजे दुकान. आमच्या पत्त्यावर रस्त्याला लागून दुकान होतं आणि मागच्या अंगाला एक छोटं पिवळं घर. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर असे बरेच नकाशे फुकट बघता येतात. जनगणनेतून पत्ता आधीच हाती असेल तर सरळ इथूनच सुरुवात करा.

फसगत होते ती घरनंबरात. १९०९ मध्ये शिकागोने स्टेट आणि मॅडिसन रस्त्यांच्या चौकापासून नंबर नव्याने घातले. १९०५ चा पत्ता आजच्या नकाशावर शोधाल तर भलत्याच दारात जाल. जुन्या-नव्या नंबरांची तेव्हा छापलेली यादी आधी काढा.

आता गाव. ते या दोन्हींत नाही. मिळालं तर चर्चमधल्या लग्नाच्या नोंदीत. तिथवर नकाशा नेतो, पण घराजवळचं चर्च आयरिश किंवा जर्मन लोकांचंही असू शकतं. पोलिश चर्च बघा, तीही सगळी. नोबल स्ट्रीटवर सेंट स्टॅनिस्लॉस कोस्टका आणि होली ट्रिनिटी दोन्ही पोलिश, चालत काही मिनिटांच्या अंतरावर, आणि दोघांत वर्षानुवर्षं वाद. आम्ही पहिल्याच्या वह्यांत दोन महिने घालवले. नोंद दुसऱ्यात निघाली, गावाच्या नावासकट.