खिडकीवरची फिल्म: गोंदाची की काढता येणारी?

पश्चिमेला मोठी खिडकी असलेल्यांना काचेवर लावायची, ऊन अडवणारी पातळ फिल्म कशासाठी हे सांगायला नको. दुपार कलली की ऊन तिरपं होऊन थेट आत शिरतं. वरच्या छज्ज्याचा काही उपयोग होत नाही आणि पडदा ओढला तरी उकाडा आतच राहतो. काचेतून आलेलं ऊन पडद्यावर, फरशीवर, टेबलावर पडून त्याची उष्णता झाली की ती आल्या वाटेने काचेतून परत जात नाही. म्हणून बाहेरून सावली करता येत असेल, शटर किंवा पडदा काचेच्या बाहेर बसवता येत असेल, तर आधी तेच करावं. घरात वापरण्याजोगी कुठलीही फिल्म त्याची बरोबरी करेल असं मला वाटत नाही. ते जमत नसेल त्यांच्यासाठी पुढचं लिहितो आहे.

फिल्म घ्यायची ठरली की बहुतेक जण आधी रंग आणि कंपनी बघतात. माझ्या मते आधी ठरवायचं ते ती काचेवर कशी बसणार हे. एक प्रकार गोंदाचा. मागचा पातळ कागद सोलायचा, साबणाच्या पाण्यावर काचेवर सरकवत जागेवर आणायची, रबरी पट्टीने पाणी काढायचं, आणि वाळली की ती काचेचाच भाग होऊन जाते. दुसरा प्रकार स्टॅटिक क्लिंग म्हणून मिळतो. त्याला गोंदच नसतो. मऊ व्हिनाइल ओल्या काचेला घट्ट धरून बसतं आणि कोपऱ्यातून ओढलं की निघतं. मी दोन्ही वापरल्या आहेत, बैठकीच्या खोलीत गोंदाची आणि कामाच्या खोलीत काढता येणारी. दोन्ही खोल्यांच्या खिडक्या एकाच बाजूला, त्यामुळे ऊन दोघींना सारखंच मिळालं. थर्मामीटर लावून नोंदी ठेवल्या नाहीत. जे सांगतो आहे ते रोजच्या वावरातलं आहे.

झळ कमी करण्याचं काम दोघींनी केलं. माझं टेबल खिडकीला लागून आहे. फिल्म नव्हती तेव्हा संध्याकाळच्या उन्हात टेबलाच्या त्या काठावर मनगट ठेवलं की चटका बसायचा, खुर्ची मागे ओढून बसावं लागायचं. फिल्म लागल्यावर तेच लाकूड कोमट लागतं आणि मी खुर्ची जागची हलवत नाही. खोली त्याने गार होत नाही, हे मात्र लक्षात ठेवा. भिंती आणि छप्पर तापलेलं असेल, बाहेरची गरम हवा आत येत असेल, तर फिल्म त्याला काही करत नाही. ती फक्त थेट येणाऱ्या उन्हाचा जोर कमी करते. खिडकी उघडी टाकली तर तेही नाही.

दोघींत गोंदाची किंचित सरस वाटली. पण ती मुळात जास्त गडद होती, चंदेरी झाक असलेली, तेव्हा ते श्रेय गोंदाला देता येणार नाही. नजरेला मात्र गोंदाची निश्चितच चांगली दिसते. ती पॉलिएस्टरची, पातळ आणि सपाट असते, तिच्यातून बाहेरचं झाड झाडासारखंच दिसतं. व्हिनाइलच्या फिल्ममधून तिरकं पाहिलं तर पलीकडच्या सरळ रेघा कुठे कुठे हलकेच लवलेल्या दिसतात. समोरून पाहताना जाणवत नाही, पण खिडकीबाहेरचा देखावा हेच ज्याच्या खोलीचं वैभव आहे त्याने हे ध्यानात घ्यावं.

आता ज्या गोष्टीने माझा निर्णय केला तिच्याकडे येतो, पण त्याआधी आकड्यांबद्दल थोडं बोलायला हवं. जमिनीवर पोचणाऱ्या उन्हातली ऊर्जा ढोबळमानाने अशी असते: निम्म्याच्या आसपास डोळ्यांना न दिसणारा अवरक्त भाग, ४० टक्क्यांहून थोडा जास्त दिसणारा प्रकाश, आणि उरलेले जेमतेम ५ टक्के अतिनील. पाकिटावर ठळक अक्षरांत ‘९९ टक्के अडवते’ असं छापलेलं असतं ते बहुधा या शेवटच्या ५ टक्क्यांबद्दल असतं. सोफ्याचा आणि पुस्तकांच्या कण्यांचा रंग लवकर उडू नये म्हणून त्याचा उपयोग आहे, उकाड्याशी संबंध फार थोडा. उकाड्यासाठी एकूण किती सौरऊर्जा अडते तो आकडा पाहायचा, ज्याला टीएसईआर म्हणतात. त्याच्या शेजारी व्हीएलटी असतो, म्हणजे दिसणारा प्रकाश किती टक्के आत येणार. हे दोन्ही आकडे एकत्रच वाचावेत. कारण सगळा अवरक्त भाग अडवला आणि सगळा प्रकाश आत सोडला, तरी जवळजवळ निम्मी ऊर्जा प्रकाशाच्या रूपाने आत येणारच. आत येऊन तीही शेवटी उष्णताच होते. चांगली सिरॅमिक फिल्म अवरक्त भाग निवडून अडवते, म्हणून ती तुलनेने उजळ राहू शकते. पण त्यापलीकडे जाऊन उष्णता रोखायची तर उजेड गमवावाच लागतो. यातून कुणाची सुटका नाही, पाकिटावर काहीही लिहिलेलं असो.

कडक उन्हात हा उजेड गेल्याचं काही वाटत नाही, उलट डोळ्यांना बरं वाटतं. त्रास सुरू होतो मळभ आल्यावर. बाहेर आधीच करडा उजेड, त्यातला थोडासाच भाग फिल्ममधून आत येतो, आणि बैठकीच्या खोलीत भर दुपारी तिन्हीसांजा झाल्यासारखं वाटतं. आमच्या घरात खिडकीजवळची खुर्ची आईची. सकाळचं आवरलं की ती तिथे वाचत बसते. गोंदाची फिल्म लागल्यापासून ढगाळ दिवसांत तिने अकरा वाजताच शेजारचा दिवा लावायला सुरुवात केली. मग थंडी आली. त्या दिवसांत पश्चिमेचं ऊन हवंहवंसं असतं. फरशीवर पडणाऱ्या उन्हाच्या पट्ट्यात पाय टाकून बसणं हा तिचा वर्षानुवर्षांचा परिपाठ. ऊन फरशीवर येत होतं, पण फिकं, आणि त्यात ऊब अशी नव्हतीच. एक दिवस ती म्हणाली, “अरे, ही काच आधी होती तशी नाही का होणार? थंडीपुरती तरी?”

थंडीपुरती होणार नव्हती, हीच गोंदाच्या फिल्मची अडचण. तिची बाकीची वैगुण्यं मी चालवून घेतली असती. चंदेरी फिल्म दिवसा बाहेरच्यांना आरशासारखी दिसते आणि रात्री आत दिवा लागला की उलटं होतं, आतलं सगळं बाहेर दिसतं आणि आपल्याला काचेत आपलीच खोली दिसते. पण रात्री पडदा ओढला की तो प्रश्न मिटतो. आरशासारख्या काचेला पक्षी आभाळ समजून धडकू शकतात, तेव्हा समोर झाडं असतील तर बाहेरून फार चकाकणारी निवडू नये. हे सगळं निवडतानाच टाळता येतं. पण ऊन ऋतूप्रमाणे बदलतं आणि गोंदाची फिल्म बदलत नाही, याला काही उपाय सापडला नाही. जे ऊन कडक उन्हाळ्यात नकोसं होतं तेच थंडीत हवं असतं, आणि खिडकीवरची वस्तू तेवढी जुळवून घेणारी असायला हवी, असं माझं मत तिथे पक्कं झालं.

शेवटी ती काढली. हेअर ड्रायरने कोपरा तापवायचा, नखाने उचलायचा, आणि काचेशी जवळजवळ समांतर धरून अगदी सावकाश ओढायचं. घाई केली की फिल्म फाटते आणि पुन्हा नवा कोपरा शोधावा लागतो. निघाली तरी गोंदाचा मोठा भाग काचेवरच राहतो. बोट फिरवलं तर बोटाखाली वळकट्या होतात. साबणाचं पाणी मारून तो भिजू द्यायचा आणि रुंद पातं तिरपं धरून, काच सतत ओली ठेवून खरवडायचा. काच खराब झाली नाही, हे सांगायला हवं. पण दर थंडीला करावं असं हे काम नव्हे. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी तर घर सोडतानाच्या दिवसांत हे काम अंगावर घ्यायचं आहे का, याचा आधीच विचार करावा.

काढता येणारी फिल्म याउलट. कोपरा सुटा केला की अख्खा तुकडा हातात येतो, काचेवर काही राहत नाही. मी ती सपाट पृष्ठभागावर धुतो, ओली असतानाच पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळतो, मध्ये तिचाच मूळचा पातळ कागद घालून. घडी मात्र कधीच घालायची नाही, घडीची रेघ पुन्हा जात नाही. कागद फेकून दिला असेल तर गुळगुळीत प्लास्टिकचा ताव चालतो. नळीवर पेनाने खिडकीचं नाव आणि वरची बाजू कुठली ते लिहून ठेवलं की पुढच्या वेळी उलटसुलट करून बघावं लागत नाही, कारण चौकोनी वाटणाऱ्या खिडक्या क्वचितच खरोखर काटकोनी असतात.

तिचे त्रास आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. कडा हा पहिला. काचेच्या कडेला धूळ किंवा जुन्या सीलंटचा कण राहिला की तिथून हवा शिरते आणि उन्हाच्या दिवसांत कोपरा हळूहळू वळतो. उपाय सोपा आहे: फिल्म चौकटीपेक्षा चारी बाजूंनी दोनेक मिलिमीटर आखूड कापायची आणि लावण्याआधी काचेच्या कडा पात्याने साफ करायच्या. सरकत्या खिडकीत आणखी एक गोष्ट आढळली. बाहेरच्या तावदानाच्या आतल्या बाजूला फिल्म लावली की खिडकी सरकवताना दुसऱ्या तावदानाच्या चौकटीवरची केसाळ पट्टी तिच्यावरून घासत जाते आणि एका बाजूची कड पुन्हा पुन्हा उचलली जाते. तिथे फिल्म बोटभर आत संपवली, तेव्हा कुठे ती टिकली. ती बोटभर उघडी पट्टी दिसते, आणि तिच्यातून उन्हाची एक तिरीप रोज संध्याकाळी आत येते. मला ती चालते. ज्याला चालणार नाही त्याच्यासाठी गोंदाची बरी. शिवाय खडबडीत किंवा नक्षीच्या काचेवर ही धरतच नाही, तिला पूर्ण गुळगुळीत काच लागते. आणि वर्षानुवर्षं तिचा व्हिनाइल तितकाच लवचिक राहील अशी अपेक्षा मी ठेवलेली नाही. उन्हाने तो कडक होत जातो, थोडा आक्रसतो, मग बदलावा लागतो. गोंदाची चांगली फिल्म त्या मानाने पुष्कळ जास्त टिकते.

लावण्याच्या कौशल्यात दोघींत मोठा फरक आहे. गोंदाच्या फिल्मखाली केस किंवा धुळीचा कण अडकला की तो तिथेच राहतो आणि रोज दिसतो. पाण्याचे बारीक फुगे आणि धुरकटपणा सुरुवातीचे काही आठवडे राहतो, मग आपोआप जातो. तोवर काच पुसायची नाही. मोठ्या तावदानाला माणूस बोलावणंच बरं. काढता येणारी मात्र एकट्याला जमते. पाणी सढळ हाताने मारायचं, मधून कडेकडे पट्टी फिरवायची, वाकडी बसली तर सोलून पुन्हा लावायची. खाली जुनी चादर पसरा, पाणी फार सांडतं.

तेव्हा वरच्या, हात न पोचणाऱ्या तावदानांवर, बारा महिने ऊन नकोच असलेल्या खिडकीवर किंवा स्वतःच्या घरात एकदाच काम करून विसरून जायचं असेल तर मी आजही गोंदाची फिल्म सुचवेन, आणि तीही फार गडद नसलेली. बाकी ठिकाणी, विशेषतः जिथे कुणी बसून वाचतं-लिहितं त्या खिडकीला, माझा कल काढता येणाऱ्या फिल्मकडे आहे. बैठकीच्या खोलीत आता तीच आहे.

घेण्याआधी काच मात्र नीट पाहून घ्या. दुहेरी (मध्ये पोकळी असलेली), लॅमिनेटेड (दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर असलेली) किंवा तार घातलेली काच असेल, किंवा तावदान खूप मोठं असून त्याच्या अर्ध्या भागावर सावली पडत असेल, तर गडद फिल्मने काच तडकू शकते. ऊन शोषणारी फिल्म काचेलाच तापवते, मधला भाग तापतो, चौकटीतली कड गार राहते आणि ताण कडेवर येतो. हा धोका दोन्ही प्रकारांना आहे, गोंद असण्या-नसण्याने तो टळत नाही. खिडकी बसवणाऱ्याची हमी असेल तर फिल्मने ती रद्द होते का तेही विचारून घ्यावं. यातलं काही आड येत नसेल तर आधी एकाच तावदानापुरता तुकडा आणा, मध्यम छटेचा, आणि एक कडक उन्हाचा व एक मळभाचा दिवस त्याच खिडकीपाशी बसून काढा. बाकीच्या खिडक्यांची मापं त्यानंतर घ्या.